आधी आपली गुणपत्रिका

नातू शिकायला इंग्लंडात आहे. मागे व्हिडिओ कॉलवर बोलताना त्याच्या कॉम्प्युटरवर पत्ते दिसले. "पोकर गं आजी, पेन्यांचा खेळ," म्हणाला. तिथे तो कायदेशीर आहे. आपल्या संसदेने मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तेव्हा हे लिखाण कुणी खेळावं म्हणून नाही, एवढं आधीच सांगून टाकते.

मला कुतूहल वाटलं ते प्रत्येक खेळाडूच्या नावाखालच्या आकड्यांचं. एक सॉफ्टवेअर खेळलेले डाव नोंदून ते काढतं म्हणे. पहिला आकडा व्हीपीआयपी, म्हणजे शंभरातल्या किती डावांत माणूस आपणहून पैसे घालतो (सक्तीचे सुरुवातीचे पैसे यात धरत नाहीत). दुसरा पीएफआर, म्हणजे मधली पानं उघडण्याआधी किती वेळा तो बोली वाढवतो.

एकाकडे बोट दाखवून नातू म्हणाला, "हा ४५ आणि ६. कच्चा आहे, याचे पैसे मीच काढणार."

"त्याचे किती डाव पाहिलेस?"

"तीसेक."

मला माझाच एक विद्यार्थी आठवला. पहिल्या चाचणीत वीसपैकी चार. मी मनातल्या मनात त्याला 'ढ' ठरवून मोकळी झाले. त्याचे वडील तेव्हा दवाखान्यात होते, हे मला पुढे कळलं. बऱ्याच वर्षांनी रस्त्यात भेटला, पाया पडला आणि हसत म्हणाला, "बाई, वर्षभरात तुम्ही मला एकही प्रश्न विचारला नाहीत." ते अजून टोचतं.

तीस डाव म्हणजे एक चाचणी. खेळायची सवय शे-दोनशे डावांत जरा कळू लागते, पण कोण खरंच जिंकणारा हे कळायला हजारो डावही अपुरे पडतात. पहिल्याच आठवड्यात जिंकणारा नवशिका फसतो तो इथेच.

मग मी विचारलं, "आणि तुझे आकडे?" साहेब गप्प! शेवटी उघडून दाखवले. चार हजार डाव, ४१ आणि ९. सहा जणांच्या टेबलावर जाणकार साधारण २० ते २५ टक्के डावच खेळतात आणि त्यांचा दुसरा आकडा पहिल्याच्या थोडाच खाली असतो. म्हणजे आमचे चिरंजीव दिसेल त्या पानांवर पैसे घालत होते आणि बोली दुसऱ्यांना ठरवू देत होते. वर प्रत्येक मोठ्या डावातून साइट आपला वाटा कापते तो वेगळाच. म्हणून तर सगळे सारख्याच ताकदीचे असले तरी शेवटी सगळेच थोडे थोडे हरतात.

माझं मत एवढंच, की नवशिक्याने हे आकडे आधी आरशासारखे वापरावेत. दुसऱ्याची गुणपत्रिका वाचायला मजा येते, पण सुधारणा आपलीच वाचून होते.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. "आजी, आता २७ वर आलोय. हरतोय अजून, पण का हरतोय ते कळतंय."

म्हटलं, छान. का हरतोय ते कळलं की कधी थांबायचं हेही कळतं.

ते त्याला किती पटलं, कोण जाणे. असो.