नागपूरचा मे महिना टाळून दोन महिने परदेशात राहायचं, तर पैसे नेमके कुठे लागतात?

नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती, तेव्हा इंग्रज अधिकारी उन्हाळ्यात इथे थांबत नसत. फायली आणि कारकुनांसकट सरकार सातपुड्यात पचमढीला चढायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर खाली यायचं. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. त्या दिवशी कूलरसमोर बसलेल्यांना त्या साहेबांचा हेवा वाटला असेल तर नवल नाही.

उन्हाळ्यात मुक्काम हलवण्याचा विचार आता पेन्शनवर असलेली जोडपी करतात, तसे घरून काम करणारे तरुणही करतात. फरक एवढाच, की यादीत पचमढीऐवजी बँकॉक, बाली, दा लात किंवा पोखरा असतं. मोबाइलवर घरांचे फोटो आणि भाडी दिसतात, ‘धंतोलीतल्या टू बीएचकेपेक्षा स्वस्त’ असा हिशेबही होतो. हा हिशेब बहुतेक वेळा अर्धवट असतो.

मुलाकडे जाणं आणि भाड्याने राहणं

परदेशात लांब मुक्काम करणं नागपूरकरांना नवं नाही. मुलगा न्यू जर्सीत किंवा मुलगी टोरंटोत असेल, तर आई-वडील तिकडे पाच-सहा महिने राहून येतात. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहायची मुभा मिळते. तिथे भाडं नसतं, डिपॉझिट नसतं, वीजबिल जावई भरतो आणि औषध संपलं तर कुठून आणायचं हे कुणीतरी सांगतं.

ओळखीचं कुणी नसलेल्या शहरात दोन महिने राहायचं, तर हे सगळं स्वतःला करावं लागतं. टूर कंपनीचं आठ दिवसांचं पॅकेज इथे उपयोगाचं नाही आणि अकरा महिन्यांचा भाडेकरारही नाही. या दोन्हींच्या मधल्या मुक्कामाचे दर कसे ठरतात, हे समजून घेतलं की पुष्कळ पैसे वाचतात.

२७ रात्री महाग, २८ रात्री स्वस्त

एअरबीएनबीसारख्या साइटवर सलग २८ किंवा जास्त रात्री राहणाऱ्यासाठी घरमालक वेगळी मासिक सवलत ठेवू शकतो. उदाहरणासाठी समजा, एका फ्लॅटचा दर रात्रीला २,५०० रुपये आहे आणि मालकाने महिन्याच्या मुक्कामाला ४० टक्के सवलत ठेवली आहे, बाकी कुठलीच नाही. २७ रात्रींचे ६७,५०० रुपये होतील. २८ रात्रींचे होतील ४२,०००. एक रात्र वाढवली आणि साडेपंचवीस हजार वाचले. सवलत किती ठेवायची हे मालक ठरवतो, काही जण ती ठेवतच नाहीत. पण शोधताना ‘पंचवीस दिवस’ असं टाकणाऱ्याला ती दिसतही नाही.

मालकाला यातून काय मिळतं? रोज चादरी बदलाव्या लागत नाहीत, रोज किल्ली द्यायला माणूस लागत नाही आणि घर रिकामं राहण्याची चिंता मिटते. शिवाय काही ठिकाणी कायद्याचंही कारण असतं. थायलंडमध्ये कॉन्डोतला फ्लॅट ३० दिवसांपेक्षा कमी काळासाठी रोजच्या दराने दिला, तर तो हॉटेलचा धंदा ठरतो आणि त्याला परवाना लागतो. अनेक फ्लॅटमालकांकडे तो नसतो. त्यामुळे चार दिवसांसाठी कॉन्डो घेतलेल्या पाहुण्याला लॉबीत ‘मालकाचा मित्र आहे म्हणून सांगा’ असा सल्ला मिळू शकतो. महिन्याच्या भाडेकराराने राहणाऱ्याला ही लपाछपी करावी लागत नाही. न्यूयॉर्कनेही सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी काळाच्या भाड्यांवर कडक नोंदणी लावली. तिथेही महिना हीच सीमारेषा आहे.

या सवलतीला एक अट चिकटलेली असते. लांब मुक्कामाचं बुकिंग शेवटच्या महिन्यात रद्द केलं, तर बहुधा पहिल्या महिन्याचं भाडं परत मिळत नाही. घरात कुणाचं आजारपण असेल, तर हा मजकूर फोटोंच्या आधी वाचावा.

व्हिसाचे दिवस आणि भाड्याचे दिवस

घर साठ दिवसांसाठी स्वस्त मिळालं आणि देशात तीसच दिवस राहता येत असेल, तर त्या सवलतीचा काय उपयोग? म्हणून घर शोधण्याआधी व्हिसाचे दिवस बघावे लागतात.

मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसाशिवाय राहायची परवानगी दिली. थायलंडने जुलै २०२४ मध्ये ही मुदत ६० दिवस केली, पण ती पुन्हा कमी करण्याची चर्चाही तिथे सुरू झाली. त्यामुळे तिकीट काढण्याच्या दिवशी दूतावासाची साइट पाहायलाच हवी, मागच्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांच्या सांगण्यावर जाऊ नये. इंडोनेशियात विमानतळावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा असतो आणि एकदाच आणखी ३० दिवसांनी वाढवता येतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंत मिळतो, एका प्रवेशासाठी शुल्क २५ डॉलर. युरोपच्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. पण व्हिसा किती दिवसांचा द्यायचा हे तिथला अधिकारी ठरवतो. पंधरा दिवसांचा मिळाला तर दोन महिन्यांचं घर अंगावर पडतं.

दिवस मोजताना उतरलेला दिवसही धरला जातो. थायलंडमध्ये मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास रोज ५०० बाथ दंड आहे, इंडोनेशियात रोज १० लाख रुपिया. पण खरा प्रश्न पासपोर्टवर पडणाऱ्या नोंदीचा असतो. पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात तिचं उत्तर द्यावं लागतं.

ऊन टाळायला निघालात, पण कुठे?

स्वस्त घर म्हटलं की थायलंडमधल्या चिआंग माईचं नाव हमखास येतं. नागपूरचा उन्हाळा टाळणाऱ्याने मात्र थोडं थांबावं. उत्तर थायलंडमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर इतका साचतो, की जगातल्या सर्वांत प्रदूषित हवेच्या शहरांत चिआंग माईचं नाव दिसतं. एप्रिल हा तिथला सर्वांत तापलेला महिना. बँकॉकमध्येही तेव्हा घामाघूम व्हायला होतं आणि तो घाम नागपूरच्या कोरड्या हवेसारखा वाळत नाही. घरं स्वस्त मिळतात त्यामागे हेही कारण आहे. ज्या महिन्यांत नागपूरकराला निघायचं असतं, त्याच महिन्यांत इतर पर्यटक तिकडे फिरकत नाहीत.

मग उंचीवरची गावं बघावी लागतात. व्हिएतनाममधलं दा लात समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटरवर आहे, पचमढीपेक्षा उंच. इंग्रजांनी पचमढी वसवली, तसं फ्रेंचांनी दा लात उन्हाळी ठाणं म्हणून उभं केलं. पाईनची झाडं, फुलांची शेती, भाजीपाला, कॉफी. एप्रिल-मे मध्येही दुपार सुसह्य असते. मे पासून पाऊस सुरू होतो, बहुतेक दुपारनंतर. तिथल्या अनेक घरांत एसी नसतो आणि लागतही नाही. भाड्याच्या तुलनेत ही गोष्ट कुणी धरत नाही, पण महिन्याच्या मुक्कामात वीज बहुधा मीटरप्रमाणे वेगळी लावतात. बँकॉकमध्ये दिवसरात्र एसी लावला, तर स्वस्त भाड्यातून वाचलेले पैसे बिलात जातात.

शाकाहारी मंडळींसाठी एक गंमत. व्हिएतनाममध्ये पाटीवर ‘चाय’ असा शब्द दिसला, तर आत चहा मिळेलच असं नाही. त्या शब्दाचा अर्थ शाकाहारी जेवण.

नागपूरहून तिथे पोहोचणं मात्र सरळ नाही. नागपूर विमानतळाचं परदेशाशी थेट नातं वर्षानुवर्षं शारजा आणि दोहा या दोन शहरांपुरतं राहिलं आहे. पूर्वेकडे जायचं तर मुंबई, दिल्ली किंवा कोलकाता गाठावं लागतं, पुढे हो ची मिन्ह सिटीपासून दा लात रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर. हा प्रवासखर्च एकदाच होतो, म्हणून मुक्काम जितका लांब तितका तो दिवसाला कमी पडतो. पंधरा दिवसांसाठी न परवडणारी जागा दोन महिन्यांसाठी परवडू शकते, ती अशी.

पैसे पाठवताना

भाडं बँकेतून परदेशी खात्यात पाठवलं, तर ते रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत मोजलं जातं. एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर टीसीएस कापला जात नाही, त्यावरच्या प्रवासासारख्या खर्चाच्या रकमेवर २० टक्के कापला जातो. दोन महिन्यांच्या साध्या मुक्कामाचा खर्च सहसा तिथवर जात नाही. आणि कापला गेला तरी तो विवरणपत्र भरताना समायोजित होतो. टूर पॅकेजचं तसं नाही. तिकीट आणि राहणं एकत्र विकत घेतलं की ते पॅकेज ठरतं आणि टीसीएस पहिल्या रुपयापासून लागतो. नुसतं घर किंवा नुसतं तिकीट घेतलं तर ते पॅकेज होत नाही.

कार्डाने पैसे भरणाऱ्यांनी परकीय चलनाचं शुल्क पाहावं. अनेक भारतीय कार्डांवर ते साडेतीन टक्क्यांपर्यंत असतं, वर त्या शुल्कावर जीएसटी. दुकानातलं मशीन ‘रुपयांत घेऊ का?’ असं विचारतं, तेव्हा ‘नाही’ म्हणावं. तो दर जवळजवळ नेहमीच वाईट असतो.

फसवणूक कुठे होते

फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे. साइटवर सुंदर फ्लॅट दिसतो, मालक व्हॉट्सअॅपवर येतो, ‘साइटचं कमिशन वाचवू, थेट पाठवा, दहा टक्के कमी करतो’ म्हणतो. पैसे गेले की नंबर बंद. साइटच्या बाहेर दिलेल्या पैशांची जबाबदारी साइट घेत नाही. परदेशातला मालक असल्याने सीताबर्डी पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवूनही हाती काही लागणं कठीण.

यावर जुना उपाय आहे. पहिले चार-पाच दिवस साध्या हॉटेलात उतरायचं आणि पुढचं घर पायी फिरून पाहायचं. नळाला पाणी किती येतं, खाली कराओके आहे का, जिना किती उंच आहे, हे फोटोत दिसत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरचं स्वस्त घर महागच पडतं. समोर बसून ठरवलेलं भाडं अनेकदा साइटपेक्षा कमी असतं. मात्र नोंदणीचं तेव्हाच विचारावं. थायलंडमध्ये परदेशी पाहुणा आल्याची माहिती घरमालकाने २४ तासांत इमिग्रेशनला द्यायची असते, व्हिएतनाममध्येही तात्पुरत्या वास्तव्याची नोंद करावी लागते. ‘त्याची गरज नाही’ म्हणणारा मालक पावतीही देणार नाही, हे गृहीत धरावं.

साठीपुढच्यांसाठी विमा हा भाड्याइतकाच मोठा खर्च ठरू शकतो. बीपी किंवा मधुमेह आधीपासून असेल, तर अनेक प्रवास विमा पॉलिसी त्याच्याशी संबंधित उपचार फक्त जिवावरच्या प्रसंगात देतात, काही तेही देत नाहीत. प्रस्तावात आजार लपवून हप्ता कमी करणं म्हणजे दावा नाकारण्याचं कारण आपणच लिहून देणं.

लॅपटॉप घेऊन जाणाऱ्यांसाठी

मिहानमधल्या कंपनीचं काम बालीतून करायचं, तर पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. थायलंडने जुलै २०२४ मध्ये यासाठी वेगळा पाच वर्षांचा व्हिसा आणला. एका प्रवेशावर १८० दिवस राहता येतं, पण खात्यात पाच लाख बाथ दाखवावे लागतात. कंपनीची परवानगी हा आणखी वेगळा प्रश्न. माहितीची सुरक्षितता आणि करामुळे बऱ्याच कंपन्या परदेशातून लॉगिन करू देत नाहीत. न सांगता गेलं तर घर स्वस्त पडेल, पण नोकरी धोक्यात येईल.

त्या घरात आधी कोण राहत होतं?

दर डिसेंबरच्या सुमारास अधिवेशन आलं की नागपुरात लॉजच्या खोल्या मिळेनाशा होतात. ती अडचण काही दिवसांत संपते. बार्सिलोनात ती वर्षभर चालली. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या फ्लॅटमुळे रहिवाशांना घरं परवडेनाशी झाली, म्हणून जून २०२४ मध्ये तिथल्या महापौरांनी १०,१०१ पर्यटक फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवण्याची घोषणा केली. गोव्यात आसगाव-शिवोलीकडे भाडेकरूंचं गाऱ्हाणं वेगळं नाही. महिन्याने राहणारा पाहुणा रोज बदलणाऱ्या पर्यटकापेक्षा शेजाऱ्यांना बरा वाटतो खरा, पण तो त्याच घरासाठी स्थानिक शिक्षकापेक्षा जास्त भाडं देऊ शकतो, हेही खरंच आहे. त्यामुळे नियम बदलत राहणार आणि स्वस्त शहरांची यादी दोन-तीन वर्षांत जुनी होणार.

या सगळ्यात व्हिसाचे दिवस मोजावे न लागणारा एक देश शेजारीच आहे. नेपाळमध्ये भारतीयांना व्हिसा लागत नाही आणि मुक्कामाला मुदतही नाही. १९५० च्या कराराने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची मुभा दिली आहे. विमानाने जाताना पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्रही चालतं. काठमांडू सुमारे १,४०० मीटरवर आहे, पोखरा त्याहून बरंच खाली, आणि जूनमध्ये पोखऱ्याला पाऊस धो धो कोसळतो. महिन्याच्या भाड्याची बोलणी हिंदीत होतात आणि डाळ-भात रोज मिळतो. राप्तीसागर एक्स्प्रेस नागपूरवरून गोरखपूरला जाते. तिथून सुनौलीची सीमा रस्त्याने दोन-तीन तासांवर आहे.