पक्षाघात, शीत प्लाझ्मा आणि घड्याळ

पक्षाघातावर ‘प्लाझ्मा’चे संशोधन चालू आहे, असे ऐकले की प्रथम रक्तपेढी आठवते. हा प्लाझ्मा तो नव्हे. रक्तातील पिवळसर द्रवाशी त्याचे केवळ नामसाम्य आहे. वायूला विद्युत्ऊर्जा देऊन त्यातील काही इलेक्ट्रॉन सुटे केले की पदार्थाची चौथी अवस्था प्रकटते, तिचे हे नाव. आकाशात कडाडणाऱ्या विजेत ती प्रचंड तापलेली असते. मात्र हेलियम किंवा आर्गॉन वायूत अतिद्रुत विद्युत्स्पंद सोडल्यास इलेक्ट्रॉन तेवढे ऊर्जावान होतात आणि वायू शरीराच्या तापमानाजवळच राहतो. बोटाला सोसवेल अशी ही जांभळट ज्योत म्हणजे शीत प्लाझ्मा. जर्मनीत २०१३ पासून चिघळलेल्या जखमांवर तिचा मान्यताप्राप्त वापर होत आहे.

ही ज्योत हवेत मिसळताच नायट्रिक ऑक्साइडसारखी क्रियाशील संयुगे निर्माण होतात. रक्तवाहिन्यांचे अस्तरही हाच वायू तयार करून वाहिन्या रुंदावते. त्या शोधास १९९८ चे नोबेल पारितोषिक लाभले. मेंदूच्या वाहिनीत गुठळी अडकली की मध्यभागातील पेशी काही मिनिटांत मरतात, कडेच्या मात्र काही तास मूर्च्छितासारख्या तग धरतात. त्या वाचवता येतील काय, हा संशोधकांचा प्रश्न. प्रयोगशाळेतील पेशी व उंदीर यांवरील निष्कर्ष आशादायक आहेत. पण मात्रा चुकली तर हीच संयुगे पेशी मारतात. कर्करोगाच्या पेशी नष्ट करण्यासाठीही या ज्योतीचा अभ्यास होतो, तो उगाच नव्हे. पक्षाघातावरील रूढ उपचारांत तिला अद्याप स्थान नाही. कोणी पैसे घेऊन ती देऊ करील, तर दूरच राहावे.

त्याच कडेच्या पेशींसाठी आज हाताशी आहे ते घड्याळ. मोठी वाहिनी बंद झाल्यास दर मिनिटास सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पेढीवर बसलेल्या शेठजींचे तोंड वाकडे झाले, हातातील लेखणी गळली, शब्द अडखळले. तरी ‘दुकान वाढवून जाऊ’ म्हणण्यात संध्याकाळ होते, तेलाने चोळण्यात रात्र सरते. गल्ल्यावरचा हिशेब दुसऱ्या दिवशीही जुळतो. तत्काळ १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. रुग्ण शेवटचा ठीक दिसला ती वेळ लिहून घ्यावी. इंजेक्शनचा निर्णय तीवरच ठरतो. वाटेत पाणी पाजू नये. अ‍ॅस्पिरिनही देऊ नये, कारण झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे स्कॅनवाचून कळत नाही.