कावीळ ‘उतरवण्या’आधी संडासचा रंग पाहा

परभणी जिल्ह्यात डोळे पिवळे दिसले की पहिला प्रश्न येतो, “उतरवून आणली का?” मग गळ्यात माळ, हाताला चुन्याचं पाणी, नाकात थेंब, कधी दंडावर चटका. सोनोग्राफीचं नाव निघतं तीन आठवड्यांनी. माझं भांडण या तीन आठवड्यांशी आहे.

माळ लांबते, कारण ओल्या काड्या वाळून गाठी सैल होतात. हाताचं पाणी पिवळं होतं ते झाडाच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आल्यामुळे. धडधाकट माणसाचे हात धुतले तरी होईल. मग लोक बरे कसे होतात? आपल्याकडची बरीचशी कावीळ दूषित पाण्यातल्या ‘ए’ आणि ‘ई’ विषाणूंची असते. ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, श्रेय माळेला जातं. (गरोदरपणात मात्र ‘ई’ जिवावर बेतू शकते.)

पण दुसरी एक कावीळ असते, अडथळ्याची. यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. पित्तनलिकेत खडा अडकला किंवा स्वादुपिंडाच्या गाठीने ती दाबली गेली, की हे पित्त मागे तुंबतं. कालव्याची चारी बुजली की पाणी वावरात शिरून पीक पिवळं पडतं, तसंच. पित्ताचं काम साबणासारखं, चरबी फोडण्याचं. तुंबलेलं पित्त यकृताच्याच पेशी फोडू लागतं. पुढे तिथे व्रण होतात, यकृत कडक होतं. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले तर थंडी वाजून ताप येतो, आणि तो काही तासांत जीव घेऊ शकतो. खडा अगदी तोंडाशी अडकला तर स्वादुपिंडही सुजतं. कोणतीही माळ खडा काढत नाही. तो दुर्बिणीने किंवा ऑपरेशननेच निघतो.

ओळखायचं कसं? संडास पांढरट, मातीसारखी. लघवी गडद. अंगाला खाज. सोबत पोटदुखी किंवा थंडीताप असेल तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

बाळाची कावीळ 14 दिवसांनंतरही राहिली आणि शी पांढरट असेल, तर ‘सव्वा महिना होऊ द्या’ म्हणू नका. काही बाळांच्या पित्तनलिका बंद असतात. जपानच्या डॉ. कसाई यांच्या नावाची शस्त्रक्रिया साधारण 60 दिवसांच्या आत झाली तर जास्त यशस्वी होते. सव्वा महिना घरात काढला, तर निम्म्याहून जास्त मुदत तिथेच संपते.

आम्हा डॉक्टरांनाही सांगणं आहे. सलाईन आणि लिव्हर टॉनिक म्हणजे कावीळीचा उपचार नव्हे. डायरेक्ट बिलिरुबिन न तपासता सलाईन लावणारा डॉक्टर आणि माळ घालणारा, दोघंही रुग्णाचे तेच दिवस वाया घालवतात.

माळ घालायचीच असेल तर घाला, मी तोडणार नाही. पण त्याच दिवशी रक्त तपासा, सोनोग्राफी करा. चटका मात्र कुणालाही देऊ नका.