डिस्क आमची, मर्जी त्यांची

कन्सोल म्हणजे बिनकटकटीचा आणि कॉम्प्युटर म्हणजे डोक्याला ताप, हे आपल्या घराघरांतून पक्कं ठरून गेलं आहे. डिस्क घातली, बटण दाबलं, खेळ सुरू. पोरं खूश, आई मोकळी. आजच्या दिवसापुरतं हे खरंही आहे. दहा वर्षांनी काय, ते कोणी विचारत नाही. मी विचारते. आणि त्या दहा वर्षांचा हिशोब मांडला की सगळं उलटं दिसतं. कटकटीचा म्हणून बदनाम झालेला कॉम्प्युटर जुन्याला सांभाळून घेतो, आणि सोपा म्हणून डोक्यावर घेतलेला कन्सोल जुन्याला दाराबाहेर काढतो.

‘हा काय बायकांचा विषय झाला?’ असं म्हणणाऱ्या आपल्यातच आहेत, ठाऊक आहे मला. मग कोणाचा, सांगा बघू? प्लेस्टेशन ५ आपल्याकडे २०२१ साली आला तेव्हा डिस्कवाल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. त्याचे मोठे खेळ एकेक ४,९९९ रुपयांचे. हे पैसे कोणाच्या भिशीतून जातात? कोणाच्या डब्यातल्या बचतीतून जातात? दहावीला मार्क चांगले पडले म्हणून आपणच हौसेनं घेऊन देतो. तांदूळ घेताना चार दाणे दाताखाली धरून बघणाऱ्या आपण, पन्नास हजार मोजताना नेमकं काय विकत घेतलं हे विचारायला लाजायचं का?

आधी शब्द समजून घेऊ. जुन्या यंत्राचा खेळ नव्या यंत्रावर चालणं, याला ‘बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी’ म्हणतात. नाव जड, गोष्ट मात्र आपल्या ओट्यावरची. चुलीवरची पातेली स्टोव्हवर चालली, स्टोव्हवरची गॅसवर चालली. इंडक्शन आला आणि जर्मनची, तांब्याची भांडी त्यावर तापेनात. लोहचुंबक चिकटेल असंच बूड त्याला लागतं. तिथं कारण आहे आणि ते उघड आहे. शिवाय इंडक्शन घेतला म्हणून कोणी आपली गॅसची शेगडी उचलून नेत नाही. खेळांच्या धंद्यात दोन्ही होतं. जुनं भांडं नव्या शेगडीवर चालत नाही, आणि जुनी शेगडी बिघडली की दुरुस्तही होत नाही.

कंपन्या म्हणतात, तंत्र बदललं, आमचा नाइलाज आहे. हा नाइलाज किती खरा, ते सोनीच्याच यंत्रांवरून बघा. २००० साली आलेला प्लेस्टेशन २ पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क चालवायचा. त्याची जगभरात १५ कोटींहून जास्त यंत्रं खपली. म्हणजे जुनं सांभाळल्यानं धंदा बुडत नाही. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आला. त्याच्या पहिल्या यंत्रांत प्लेस्टेशन २ च्या चिपच बसवलेल्या होत्या, त्यामुळे जुन्या डिस्क झकास चालत. मग खर्च कमी करायचं ठरलं. २००७ च्या मार्चमध्ये युरोपात गेलेल्या यंत्रातून मुख्य चिप काढली. वर्षअखेरीला जे स्वस्त यंत्र आलं त्यातून प्लेस्टेशन २ च्या डिस्क चालवायची सोयच गेली. नाव तेच, डबा जवळजवळ तसाच, आतला माल कमी. दूधवाल्यानं असं केलं तर आपण त्याला दारात उभं करत नाही.

२०१३ चा प्लेस्टेशन ४ तर आधीच्या तिन्ही यंत्रांच्या डिस्क ओळखेनाच. प्लेस्टेशन ३ मधला सेल प्रोसेसर अगदी निराळ्या घडणीचा होता, त्याची नक्कल करणं अवघड होतं, हे मला मान्य. पण पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क तर प्लेस्टेशन ३ वर सुखानं चालत होत्या. त्यांनी काय पाप केलं होतं? आणि अवघड म्हणावं, तर आरपीसीएस३ नावाचा प्रोग्राम लिहून हौशी मंडळींनी वर्षानुवर्षं खपून प्लेस्टेशन ३ चे खेळ साध्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवलेच. कंपनीची मदत नाही. २०२० चा प्लेस्टेशन ५ हा प्लेस्टेशन ४ चे जवळजवळ सगळे खेळ चालवतो, तेवढं श्रेय देऊ. त्यामागच्या पिढ्यांच्या डिस्क मात्र तो घेत नाही. प्लेस्टेशन ३ चे काही खेळ कंपनी वर्गणी घेऊन इंटरनेटवरून खेळायला देते. २०२२ मध्ये ही वर्गणी भारतात आली, ती नेमका तोच भाग वगळून.

डिस्क हातात असून ही गत. डिस्कच नसलेल्या, नुसत्या इंटरनेटवरून घेतलेल्या खेळांचं काय बोलावं? निन्टेंडोनं आपल्या ‘वी’ यंत्राचं दुकान ३० जानेवारी २०१९ ला बंद केलं. ‘वी यू’ आणि ‘थ्रीडीएस’च्या दुकानांत २७ मार्च २०२३ नंतर खरेदी बंद. मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला आवरलं. सोनीनं २०२१ च्या मार्चअखेरीस प्लेस्टेशन ३ आणि व्हिटाची दुकानं बंद करणार असं जाहीर केलं, लोकांनी आरडाओरडा केला, आणि महिन्याच्या आत कंपनीनं माघार घेतली. ही गोष्ट लक्षात ठेवा. ओरडल्यानं होतं.

मायक्रोसॉफ्टचं काम यात त्यातल्या त्यात बरं. २०१५ पासून त्यांनी एक्सबॉक्स वनवर ३६० चे खेळ चालू केले, २०१७ पासून अगदी पहिल्या एक्सबॉक्सचेही काही. जुनी डिस्क घाला, यादीत नाव असेल तर खेळा, वर पैसे नाहीत. पण ‘यादीत नाव असेल तर’! २०२१ च्या नोव्हेंबरात शेवटच्या ७६ खेळांची भर घालून त्यांनी सांगितलं, आता बस. परवाने, कायदा आणि तंत्र यांची मर्यादा आली. म्हणजे सगळ्यांत मायाळू सासूच्या घरीसुद्धा कोठीची किल्ली तिच्याच कमरेला. वाढते ती प्रेमानं, पण वाढते ती तीच.

आता त्या बदनाम कॉम्प्युटरकडे या. आजच्या साध्या लॅपटॉपमधल्या इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरला १९७८ च्या ८०८६ चिपचे हुकूम अजून कळतात. पणजीची बोली पणतीला कळावी तसं. आणि हे आपोआप घडलेलं नाही, कोणीतरी ते काम मानून केलं. विंडोज ९५ तयार होत असतानाची एक हकीकत जोएल स्पोल्स्की या प्रोग्रामरनं लिहून ठेवली आहे. सिमसिटी नावाच्या जुन्या खेळात एक चूक होती. सोडून दिलेल्या मेमरीत तो पुन्हा डोकवायचा. जुन्या व्यवस्थेत ते खपून जात होतं, नव्या विंडोजमध्ये खेळ कोसळू लागला. चूक खेळाची होती. तरी मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी सिमसिटी चालू आहे का हे ओळखून त्याला सांभाळून घेणारी खास सोय विंडोजमध्येच केली. लोकांनी पैसे देऊन घेतलेला खेळ आपल्यामुळे बंद पडू नये, एवढ्यासाठी.

कॉम्प्युटर म्हणजे रामराज्य, असं मी म्हणत नाही. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे जुने प्रोग्राम चालत नाहीत. २०१५ च्या विंडोज १० नं सेफडिस्कसारखी जुनी कुलपं सुरक्षेच्या कारणावरून नाकारली, आणि ज्या खेळांना ती कुलपं होती ते अडकले. पण इथं एक दार बंद झालं तर दुसरं पाडायला माणसं मोकळी असतात. २००२ मध्ये डॉसबॉक्स आला, त्यावर जुन्या डॉसचे खेळ चालतात. आयडी सॉफ्टवेअरनं १९९७ मध्ये आपल्या डूम या खेळाचा मूळ प्रोग्राम लोकांसाठी खुला केला; तेव्हापासून माणसं तो दिसेल त्या यंत्रावर चढवत आली आहेत. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टनं २००८ मध्ये ‘जीओजी’ हे दुकान काढलं. जुने खेळ नीट दुरुस्त करायचे, कुलूप न लावता विकायचे. चालतंय की ते दुकान! आणि हे सगळं होतं, कारण कॉम्प्युटरची किल्ली एकाच्या कमरेला नाही.

माझ्या भाच्याच्या घरी एक कन्सोल होता. कंपनीचं नाव कशाला सांगू? त्याची डिस्क वाचायची लेन्स गेली. दुकानात नेला तर उत्तर मिळालं, याचे पार्ट येत नाहीत, नवीन घ्या. आणि नव्यावर या डिस्क चालणार नाहीत. तीसेक डिस्क वहिनीनं कपाटात ठेवल्या आहेत. एकीवर ओरखडा नाही. त्या पोरानं वाढदिवसाचे पैसे साठवून, एकेका खेळासाठी महिने-महिने थांबून घेतलेल्या. घरातलं कुठलंही यंत्र आज त्यांना ओळख दाखवत नाही. आणि त्याच घरात, शाळेसाठी घेतलेल्या लॅपटॉपवर, त्याची धाकटी बहीण १९८९ चा प्रिन्स ऑफ पर्शिया खेळते. आम्ही पोरी कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांची नजर चुकवून खेळायचो तोच, त्याच खड्ड्यांत पडत.

‘जुन्याचा एवढा सोस कशाला?’ असं एका मैत्रिणीनं मला विचारलं. अगं, सोस मला नाही, त्यांना आहे, आपल्या घरात दर सात वर्षांनी नवं यंत्र आणून ठेवायचा. धड असलेली वस्तू टाकून नवी घ्यायला लावणं, याला मी प्रगती म्हणणार नाही. आणि जुने खेळ कोणाला नको असते, तर निन्टेंडो १९८५ चा सुपर मारिओ आज वर्गणीच्या यादीत घालून पुन्हा का विकती? जुन्याची किंमत कंपनीला बरोबर कळते. ती आपल्याला कळू नये, एवढीच तिची इच्छा.

दुसरा आक्षेप चोरीचा. नक्कल करणारे प्रोग्राम म्हणजे चोरी, असं सरसकट सांगितलं जातं. फुकटातलं उचलण्याची बाजू मी घेणार नाही. मेहनत करणाऱ्याला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत. पण परिस्थिती बघा. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये पाहणी केली. तिथं २०१० च्या आधी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. मग ग्रंथालयांनी ते अभ्यासकांना दूरवरून वापरू द्यावेत, अशी मागणी झाली. तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं ती ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. दुकानात मिळत नाही, ग्रंथालयाला देऊ देत नाहीत, जुनं यंत्र दुरुस्त होत नाही. मग प्रामाणिक गिऱ्हाइकानं जायचं कुठं? सगळ्या सरळ वाटा बुजवून वर चोर म्हणायचं, हा कुठला न्याय?

तिसरा आक्षेप खरा आहे. भारी खेळांसाठी लागणारा कॉम्प्युटर कन्सोलपेक्षा महाग पडतो. पडतो. पण कॉम्प्युटर घरात अभ्यासाला, हिशोबाला, नोकरीच्या अर्जाला लागतोच, आणि जुन्या खेळांना तो भारी असावाही लागत नाही. कन्सोलचा खर्च मात्र यंत्रापाशी संपत नाही. पिढी बदलली की यंत्र नवं, आणि आवडता खेळ पुन्हा हवा असला तर तोही नव्यानं विकत.

कॉम्प्युटरवाल्यांनीही गाफील राहू नये. युबिसॉफ्टनं द क्रू हा खेळ ३१ मार्च २०२४ ला बंद केला. पैसे देऊन घेतलेल्यांचाही गेला, मग त्यांच्याकडे कन्सोल असो की कॉम्प्युटर. त्यावरून युरोपात मोहीम उभी राहिली आणि २०२५ च्या जुलैत तिनं १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आहे, की जिथं फक्त वापरायचा परवाना देता तिथं तसं स्पष्ट सांगा, नुसतं ‘विकत घ्या’ म्हणून गिऱ्हाइकाला फसवू नका. आपल्याकडे असा कायदा हवा, ही मागणी आपण का करू नये? भेसळीविरुद्ध, मापातल्या पापाविरुद्ध बायकाच आधी बोलल्या आहेत.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी त्यातलं काय काय नव्यावर जातं ते पोरांकडून नीट बघून घ्या. कन्सोल घ्यायचाच असेल तर खुशाल घ्या, पण दुकानात तीन प्रश्न विचारा. घरातल्या जुन्या डिस्क यावर चालतील का? हे यंत्र पाच वर्षांनी कोण दुरुस्त करणार? इंटरनेटवरून घेतलेला खेळ दुकान बंद झाल्यावरही माझा राहील का? तिसऱ्या प्रश्नाला दुकानदार बहुतेक हसेल. हसू द्या. उत्तर मिळेपर्यंत पर्स उघडू नका.