पावसानंतरचा समुद्र आणि महापालिकेचे मौन

मुंबईत मोठा पाऊस पडून गेला की महापालिकेच्या आरोग्य खात्याचे पत्रक निघते. साचलेल्या पाण्यातून ज्यांना चालावे लागले त्यांनी लेप्टोस्पायरोसिसचा धोका ओळखावा, डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे त्यात सांगितलेले असते. पत्रक योग्यच आहे. परंतु हेच पाणी रस्त्यावरून गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून जुहूच्या किंवा दादरच्या वाळूवर उतरले की त्याचे नाव बदलते. ते ‘समुद्र’ होते, आणि त्याविषयी आरोग्य खात्याची वाचा बंद पडते. इशारे निघतात ते भरतीचे आणि उंच लाटांचे. २०२२ मध्ये हवामान खात्याच्या नारिंगी व लाल इशाऱ्यांच्या दिवशी चौपाट्या केवळ सकाळी सहा ते दहा खुल्या ठेवण्याचा आदेश निघाला, तोही बुडण्याच्या भीतीपोटी. ती भीती खरीच आहे. पण पाण्यात माणूस बुडतो तेवढाच, आजारी पडत नाही, अशी प्रशासनाची समजूत दिसते.

समुद्र सारे काही पोटात घेतो, हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. त्यात अर्धे सत्य आहे. ऊन, खारेपणा आणि भरती-ओहोटीची घुसळण यांनी विष्ठेतील जंतू मरतात किंवा पांगतात. मात्र पावसाळ्यात यातले ऊनच नाहीसे होते. गढूळ पाण्यात जंतूंना मातीच्या कणांचा आडोसा मिळतो. नाल्याचे गोडे पाणी हलके, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगत किनाऱ्यालगत रेंगाळते, आणि नैर्ऋत्येचा वारा त्याला पुन्हा वाळूकडेच लोटतो. भरतीच्या वेळी तुंबलेले नाले ओहोटी लागताच समुद्रात मोकळे होतात. लाटा मागे गेल्या म्हणून मुलांना पाण्यात सोडावे, तर नाल्याच्या मुखाशी तीच वेळ सर्वांत वाईट. रंगावरून आणि वासावरून निर्णय करणारेही फसतात. गढूळ पाणी निव्वळ मातीचे असू शकते आणि नितळ पाणी जंतूंनी भरलेले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे स्नानयोग्य समुद्रात १०० मिलिलिटर पाण्यामागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतू १०० पर्यंत असावेत. ही संख्या डोळ्याला दिसत नाही, ती प्रयोगशाळेत मोजावी लागते, आणि त्या मोजणीला एक दिवस किंवा अधिक लागतो. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ चौपाट्यांचे नमुने घेते, पण महिन्यातून एकदा घेतलेल्या नमुन्यावरून कालच्या पावसाने आज काय आणले हे कोणाला कळणार?

कॅलिफोर्नियात यावर एक सोपा नियम सांगतात: पावसानंतर ७२ तास समुद्रात उतरू नये. त्यामागे अभ्यास आहे आणि कायदाही. १९९५ मध्ये सांता मोनिका उपसागरात हजारो पोहणाऱ्यांची पाहणी झाली तेव्हा पर्जन्यवाहिनीच्या तोंडाशी पोहणारे हे चारशे यार्ड दूर पोहणाऱ्यांपेक्षा अधिक आजारी पडल्याचे आढळले, आणि ती पाहणी उन्हाळ्यातली होती. १९९७ च्या कायद्याने तेथे वाहिन्यांलगतच्या गर्दीच्या किनाऱ्यांची हंगामात दर आठवड्याला तपासणी आणि धोका आढळल्यास फलक लावणे बंधनकारक झाले. पण तो ७२ तासांचा नियम मुंबईत आणून काय करायचे? जेथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे जुलैत सलग ७२ कोरडे तास मिळणेच दुर्मिळ. शिवाय कागदावर मुंबईतही मलवाहिन्या आणि पर्जन्यवाहिन्या वेगळ्याच आहेत. प्रत्यक्षात नाला बारमाही मैला वाहतो. पाऊस फक्त त्याला ढकलतो.

मग पावसाळ्यात लोकांनी समुद्रावर जाऊच नये, असा सल्ला सुजाण नागरिक देतात. त्यांना क्लबातला तरणतलाव उपलब्ध आहे, सल्ला स्वस्त पडतो. होडी ढकलणारा कोळी पाण्यात उतरणार नाही तर काय करील? वस्तीतल्या पोराला पोहण्यासाठी दुसरे पाणी कोणते? आणि भाद्रपदात गिरगाव आणि जुहूला लाखो माणसे गणपती घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरतात, ती काय चोरून? महापालिकाच तेथे दिवे लावते, जीवरक्षक उभे करते. फक्त पाण्याच्या तपासणीचा निकाल तेवढा लावत नाही.

झोपडपट्ट्यांनी समुद्र नासवला, हा आरोप तर निर्लज्जपणाचा कळस होय. ज्या वस्तीत महापालिकेने मलवाहिनी टाकलीच नाही, तिचा मैला नाल्यात जाण्यावाचून दुसरीकडे कोठे जाईल? मोटारींसाठी समुद्र बुजवून किनारी रस्ता बांधायला १३ हजार कोटींहून अधिक रुपये निघाले. समुद्रात जाणाऱ्या मैल्याच्या शुद्धीकरणाचे प्रश्न मात्र पिढ्यान्‌पिढ्या निविदांत अडकतात.

गोरेगावात मृणाल गोरे यांनी नळाच्या पाण्यासाठी हंडे घेतलेल्या बायका रस्त्यावर आणल्या. आत येणाऱ्या पाण्याचा तो लढा होता. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा लढा अजून कोणी उभारलेला नाही. किनाऱ्यालगतच्या प्रत्येक वॉर्ड कचेरीवर कार्यकर्त्यांनी यंदाच्या पावसाळ्यापूर्वीच ही मागणी न्यावी: जून ते सप्टेंबर दर आठवड्याला आणि विसर्जनाच्या आदल्या दिवशी प्रत्येक चौपाटीचा नमुना तपासावा, निकाल मराठीत आणि हिंदीत वाळूवरच लावावा, नाल्याच्या मुखापासून किती अंतरापर्यंत उतरू नये हे खांब रोवून दाखवावे, आणि कोणत्या वस्तीला मलवाहिनी कधी मिळणार याची तारीखवार यादी त्याच फलकावर लिहावी. यादी देता येत नसेल तर आयुक्तांनी तसे लेखी द्यावे.