खर्च यजमानाचा, मान कोणाचा?

२०२२च्या जुलैत चेन्नईतल्या नेपियर पुलावर काळ्या-पांढऱ्या चौकटी रंगवल्या गेल्या आणि लोक पोराबाळांसह तो पूल पाहायला येऊ लागले. वेष्टी नेसलेला, हात जोडून उभा असलेला ‘तंबी’ नावाचा घोडा शहरभर दिसत होता. चेन्नईजवळच्या महाबलीपुरमला ४४वे बुद्धिबळ ऑलिंपियाड भरत होते. खरे तर ते व्हायचे होते मॉस्कोत. २४ फेब्रुवारीला रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये घुसले, दुसऱ्याच दिवशी जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, मॉस्कोचे यजमानपद काढून घेतले आणि १५ मार्चला ते चेन्नईला दिले. तमिळनाडू सरकारने ९२ कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. चार महिन्यांत १८०हून जास्त देशांचे संघ सांभाळायचे म्हणजे खायचे काम नव्हते. ते सरकारने चोख केले.

या उत्सवात एक गोष्ट मात्र जवळजवळ झाकून गेली. स्पर्धा रंगात असताना, ७ ऑगस्टला, त्याच चेन्नईत फिडेची निवडणूक झाली. अर्कादी द्वोर्कोविच १५७ विरुद्ध १६ मतांनी पुन्हा अध्यक्ष झाले. हे गृहस्थ २०१२ ते २०१८ रशियाचे उपपंतप्रधान होते, आणि हरलेला उमेदवार होता युक्रेनचा ग्रँडमास्टर. द्वोर्कोविच यांनी मार्चमध्ये युक्रेनी नागरिकांबद्दल सहानुभूती दाखवली होती आणि त्यापायी मायदेशात शिव्याही खाल्ल्या होत्या, हे नोंदवलेच पाहिजे. पण इथे त्यांच्या स्वभावाची परीक्षा घ्यायची नाही. प्रश्न यजमानाचा आहे. मांडव त्याचा, पंगत त्याची. मग मानपान कोणी ठरवायचे?

यावरचे ठरलेले उत्तर असे, की खेळात राजकारण आणू नये. सरकारने पैसे द्यावेत आणि बाजूला व्हावे. उत्तर ऐकायला सोज्वळ आहे, पण ते देणाऱ्यांना २०१९ची आठवण राहिलेली नसते. पुलवामाच्या हल्ल्यानंतर दिल्लीतल्या नेमबाजी विश्वचषकासाठी पाकिस्तानी नेमबाजांना व्हिसा मिळाला नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने लगोलग भारताशी यजमानपदाची सगळी बोलणी थांबवली. जूनमध्ये सरकारने हमी दिली, तेव्हा कुठे दार उघडले. समितीने तो हक्क बजावला, त्यात गैर काही नाही. पण अट घालणे हे राजकारण असेल, तर ते आंतरराष्ट्रीय संस्था रोज करतात. त्यांनी सरकारला अट घातली की ती ‘खेळाची मूल्ये’ आणि सरकारने त्यांना घातली की ‘हस्तक्षेप’, हा न्याय कुठला?

दुसऱ्या टोकाला बसलेल्यांचे म्हणणे याहून कडक. युद्ध चालू असेपर्यंत अशा संस्थांना जनतेच्या पैशातली दमडीही देऊ नये. संताप समजण्यासारखा आहे, हिशेब मात्र चुकलेला. तिजोरी रिकामी राहत नाही, ती दुसरा कोणी भरतो. आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेचे नेमके हेच झाले. २०१९मध्ये ऑलिंपिक समितीने तिला निलंबित केले तेव्हा ती कर्जात बुडाली होती. २०२०च्या अखेरीस रशियाचे उमर क्रेमलेव्ह अध्यक्ष झाले, पाठोपाठ गॅझप्रोम ही रशियन सरकारची वायुकंपनी मुख्य प्रायोजक म्हणून आली आणि कर्ज फिटले. ऑक्टोबर २०२२मध्ये, युक्रेनवर बॉम्ब पडत असताना, या संघटनेने रशिया आणि बेलारूसच्या बॉक्सरना स्वतःच्या ध्वजासह रिंगणात येऊ दिले. मार्च २०२३ची महिलांची जागतिक स्पर्धा दिल्लीत झाली. सुवर्णपदकाला एक लाख डॉलरचे बक्षीस होते. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड असे अनेक देश आलेच नाहीत. आपण निखत, लवलीना, नीतू आणि स्वीटी यांच्या चार सुवर्णपदकांचा जल्लोष केला (तो रास्तच होता), पण एवढी बक्षिसे वाटणाऱ्या संघटनेची थैली कोणी भरली, हे विचारले नाही. तीनच महिन्यांत ऑलिंपिक समितीने संघटनेची मान्यता काढली. कारणांत गॅझप्रोमवरचे अवलंबित्वही होते.

शिवाय पैसे अडवले तर भुर्दंड कोणाला? महाबलीपुरमला महिला गटाचे सुवर्ण युक्रेनने जिंकले. मुझिचुक भगिनी, खार्कीव्हची आना उशेनिना, बुक्सा आणि ओस्माक. त्यांच्या गावांवर क्षेपणास्त्रे पडत होती आणि शेवटच्या फेरीत त्या पोलंडला ३-१ने हरवत होत्या. त्याच दिवशी अमेरिकेकडून हरलेल्या भारतीय संघाला कांस्य मिळाले. त्यात गोव्याची भक्ती कुलकर्णी होती आणि कर्णधार होते पुण्याचे अभिजित कुंटे. ९२ कोटींतला जो रुपया या बायकांच्या पटापर्यंत पोचला, तो वाया गेला असे कोण म्हणेल?

एक आक्षेप मात्र खरोखर जड आहे. २००३मध्ये इराकवर चाल करून गेलेल्या अमेरिकेला आणि ब्रिटनला कोणी खेळाबाहेर काढले नव्हते. म्हणूनच अट देशाचे नाव घेऊन घालू नये, कृतीचे नाव घेऊन घालावी. ऑक्टोबर २०२३मध्ये ऑलिंपिक समितीने रशियाची ऑलिंपिक समिती निलंबित केली, ती दोनेत्स्क, लुहान्स्क, खेरसोन आणि झापोरिझ्झिया इथल्या क्रीडासंस्था तिने स्वतःत सामावून घेतल्या म्हणून. बळकावलेल्या भूमीवरचे क्लब गिळायचे नाहीत, हा नियम उद्या कोणालाही लावता येतो.

तेव्हा पैसे द्यावेत, पण स्पर्धेला द्यावेत; संस्थेच्या गंगाजळीत ओतू नयेत. हॉटेलचे, प्रवासाचे, पटांचे आणि पंचांचे बिल यजमानाने थेट भागवावे. आक्रमण करणाऱ्या देशाच्या सरकारी कंपनीचा फलक मांडवात लागणार नाही, हे करारातच यावे. आणि ज्या आठवड्यात लोकांच्या पैशाने पंगत बसली आहे, त्याच आठवड्यात त्याच गावी संस्थेने आपल्या गादीची निवडणूक उरकू नये. अटी घातल्या तर स्पर्धा हातची जाईल, ही भीती दरवेळी खरी नसते. मार्च २०२२मध्ये फिडेला जुलैसाठी यजमान हवा होता. तेव्हा घासाघीस करायची ताकद चेन्नईकडे होती. ऑगस्टमध्ये, मतदान चालू असताना, ती उरली नव्हती.

आता २०३०ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली आहे. २०३६च्या ऑलिंपिकसाठीचे इरादापत्र भारताने ऑक्टोबर २०२४मध्येच धाडले आहे. त्या बोलणीत समितीचे लोक हमीपत्रांचा गठ्ठा घेऊन बसतील. समोरच्या बाजूलाही एखादा कागद असायला हवा.