मताचा भाव

या वेळचा विषय माझ्या वयाला जरा न शोभणारा आहे. आमचा नातू सुट्टीत समुद्रपूरला आला की रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर काउंटर-स्ट्राइकचे सामने बघतो. पाच-पाच पोरांचे दोन संघ, बंदुका, धूर, आरडाओरडा... आणि ज्याच्या तेरा फेऱ्या आधी, तो जिंकला. इथवर माझी काही तक्रार नाही. आम्ही शंकरपट बघायला कोस-कोस चालत जायचो, तो खाटेवर लोळून बघतो एवढंच! पण यंदा त्याने आणखी एक गंमत दाखवली. एका संघाच्या नावापुढे 62, दुसऱ्याच्या पुढे 38, आणि सामना रंगेल तसे हे आकडे खालीवर होत होते. "आबा, म्हणजे यांची जिंकायची शक्यता 62 टक्के आहे. हे मार्केट सांगतं," तो म्हणाला.

मी जन्मभर पोरांना टक्केवारी शिकवली, त्यामुळे हे मार्केट कुठून सांगतं ते खोदून विचारलं. प्रकार असा आहे. अमेरिकेत पॉलीमार्केट, कालशी असे बाजार आहेत. तिथे 'अमुक संघ जिंकेल' या वाक्याची चिठ्ठी विकली जाते. संघ जिंकला तर चिठ्ठीचा एक डॉलर, हरला तर शून्य. ती चिठ्ठी आत्ता 62 सेंटला मिळत असेल तर शक्यता 62 टक्के म्हणायची. आपल्याकडे प्रोबो नावाचं अॅप होतं, त्यात हाच हिशेब दहा रुपयांत व्हायचा. 'हो'चा भाव सहा रुपये असेल तर 'नाही'चा चार. आणि याला नाव काय, तर 'ओपिनियन ट्रेडिंग', म्हणजे मतांचा व्यापार! मत ही आजवर फुकट मिळणारी, बहुधा नको असताना मिळणारी वस्तू होती. (आमच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर या, पोतंभर घेऊन जा.)

आता आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं. हिंगणघाटचा कापूस इंग्रजांच्या काळी विलायतेपर्यंत नावाजलेला होता. त्यामुळे आकड्यांचा खेळ म्हटला की मला मटका आठवतो. कारण मटक्याचं मूळ कापसातच आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला यायचे आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथलेच. 1961 मध्ये ते भाव येणं बंद झालं. मग सट्टा थांबला का? छे! 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. मडक्यात चिठ्ठ्या टाकून, पुढे पत्ते काढून आकडा ठरू लागला. कापूस गेला, आकडा उरला. सट्ट्याला कापसाची गरज कधी नव्हतीच.

नातवाने यावर बरोबर पकडलं. "पण आबा, कापसाचा वायदा होतोच ना? तो चालतो, मग हा का नाही?" प्रश्न चांगला आहे. वायद्यात कास्तकाराची जोखीम आधीपासून असते. पऱ्हाटी शेतात उभी आहे, वेचणीपर्यंत भाव पडेल की चढेल हे कुणालाच ठाऊक नाही. ती भीती कुणीतरी पैसे घेऊन आपल्या अंगावर घेतो. सूतगिरणीची भीती उलटी, भाव चढण्याची, तिलाही गिऱ्हाईक मिळतं. प्रत्यक्षात लहान कास्तकाराच्या हाती यातलं फारसं काही लागत नाही, ते वेगळं रडगाणं. पण निदान भीती खरी असते. दोन संघांच्या सामन्यात, चिठ्ठी विकत घेईपर्यंत बघणाऱ्याचं काय बुडणार होतं? काहीच नाही. इथे जोखीम बाजारच तयार करतो आणि मग तीच विकतो.

दुसरं म्हणणं असं की पैसा लागला की माणूस विचार करून बोलतो, म्हणून हा आकडा तज्ज्ञांपेक्षाही खरा ठरतो. पुष्कळदा ठरत असेलही, मी नाही म्हणत नाही. पण तो खरा होतो कसा? समजा संघातल्या एका पोराचं मनगट दुखतंय आणि हे फक्त सोबत्यांना माहीत आहे. त्यातला एक जण गुपचूप पैसे लावतो, आणि 62 चे 50 होतात. आकडा आता अधिक खरा झाला! म्हणजे ज्याला बाजाराचं शहाणपण म्हणायचं, ते कधी कधी कुणीतरी विकलेली घरची गोष्ट असते.

आणि ही पोरं असतात केवढी! दक्षिण कोरियात स्टारक्राफ्टचे सामने पैसे घेऊन हरल्याचं प्रकरण 2010 मध्ये उघडकीला आलं, कित्येक खेळाडूंवर जन्माची बंदी आली. एवढं होऊनही 2014 चा जागतिक विजेता ली सुंग-ह्युन 2016 मध्ये पकडला गेला. 2015 मधले दोन सामने मुद्दाम हरण्याचे त्याने सात कोटी वॉन घेतले होते. जगज्जेता झाला तेव्हा सतरा वर्षांचा, अटक झाली तेव्हा एकोणीसचा. आपल्याकडे बारावी आणि कॉलेजच्या मधलं वय. क्रिकेटपटूभोवती मंडळ असतं, पहारा असतो, तरी आपण 2013 च्या आयपीएलमध्ये काय काय पाहिलं. इथे एकट्याने पडद्यासमोर बसून उंदरावरचं बोट अर्धा क्षण उशिरा दाबायचं. कोण ओळखणार?

म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तो मला पटला. त्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता आणि उत्तेजन आहे, आणि पैसे लावायच्या खेळांना बंदी. तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. पैसे लावणाऱ्या पोराला मात्र शिक्षा नाही, हे फार शहाणपणाचं झालं. प्रोबोने पैशांचा व्यवहार त्याच महिन्यात थांबवला. हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत या खेळाला पदकं मिळाली, तेव्हा खेळ म्हणून त्याला नाक मुरडण्याचं मला तरी कारण दिसत नाही.

लोक चोरून लावतील, हे खरंच आहे. मुंबईचा जुगारबंदीचा कायदा 1887 चा, आणि मटका त्याच्या नाकावर टिच्चून वाढला. पण मटका लावायला माणसाला निदान चप्पल घालून, मान खाली घालून, ओळखीचं कुणी बघत नाही ना हे पाहत गल्लीत शिरावं लागायचं. अॅपने ती गल्लीच काढून टाकली होती, आणि वर नाव दिलं होतं 'मत'!